उभ्यानं बसायचं

मराठीतलं 'बसणे' हे क्रियापद फार राबलेलं आहे. सत्यनारायणाला जोडीनं बसतात, पावसात भिजलं की घसा बसतो, मंदीत धंदा बसतो आणि मार्चअखेरीला फटका बसतो. पण बुधवारी संध्याकाळी जनरल शिफ्ट सुटताना कोणी कानाशी येऊन हळूच "आज बसायचं का?" असं विचारलं, तर खुर्च्या किती आहेत हे कोणी विचारत नाही.

बुधवारच का, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. जग रविवारी सुट्टी घेतं. भोसरी-पिंपरीच्या पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांना ती गुरुवारी असते, कारण वीजवाल्यांचा देखभालीचा वारही तोच. आता सुट्टीच्या दिवशी माणसानं निवांत बसावं म्हटलं, तर गुरुवार दत्ताचा आणि स्वामींचा. निम्म्या लाइनचा उपास, उरलेल्यांच्या बायकांचा उपास. त्यामुळे आमच्याकडे आठवड्याचा सगळा शीण बुधवारी संध्याकाळी सात ते रात्री बारा एवढ्याच वेळात घालवायचा असतो. बाराच्या ठोक्याला ग्लास खाली. डिस्पॅचची वेळ चुकली तरी एक वेळ चालेल, ही चुकवायची नाही.

पंचवीस वर्षं हे ठरल्याप्रमाणे चाललं. चाकणहून येणारी कंपनीची बस आम्हाला वाटेतल्या एका परमिट रूमपाशी सोडायची. आम्ही चौघं: टूलरूमवाला, परचेसवाला, मेंटेनन्सवाला आणि मी क्वालिटीचा. खरी नावं पगाराच्या चिठ्ठीवर होती, ती कोणी वापरत नसे. परमिट रूममध्ये परमिट कोणाकडेच नव्हतं. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून धडधाकट आहे. प्यायला परवाना लागतो. एक दिवसाचा पाच रुपयांत, वर्षाचा शंभरात, जन्माचा हजारात. तोही कायद्याच्या भाषेत प्रकृती राखण्यासाठी! वयाची अट बिअरला एकवीस आणि व्हिस्कीला पंचवीस. म्हणजे लग्न आणि बिअर एकविसाव्या वर्षी, व्हिस्की चार वर्षांनी. सरकारचा अनुभव दांडगा आहे.

या बसण्यात कौशल्य म्हणून काही नव्हतं. क्वार्टर यायची, सोडा यायचा, बर्फाची वाटी यायची आणि चकणा यायचा. चाकण आणि चकणा यांचं नातं नसावं, पण चकणा या शब्दाला मी मानतो. बसण्याआधी तो बशीत असतो, उठताना डोळ्यांत उतरतो. माप बुचानं, नाहीतर ग्लासाला आडवी दोन बोटं लावून. बोटं कोणाची लावायची, यावर मात्र वाद होत. मेंटेनन्सवाल्याची बोटं स्पॅनरच्या मापाची होती, त्यामुळे पहिला पेग त्याच्या हातून भरून घ्यायची चढाओढ असे.

मग एकेक गोष्ट घडत गेली. कंपनीची बस बंद झाली आणि ज्याची त्याची गाडी आली. रक्तात शंभर मिलीला तीस मिलीग्रॅम अल्कोहोल गेलं की गाडी चालवणं गुन्हा, हे नाशिक फाट्यावर उभं राहून कोणीतरी नळीत फुंकायला लावून शिकवलं. चाकणच्या तळेगाव चौकातून बाहेर पडायलाच इतका वेळ लागू लागला, की परमिट रूमपाशी पोचेपर्यंत माणूस पिण्याच्या अवस्थेतही उरेना. शेवटी टूलरूमवाला रिटायर झाला, आणि त्याच्या मुलीनं त्याला एक पेटी भेट दिली.

पेटीत स्टीलचा तीन तुकड्यांचा शेकर होता, वीतभरापेक्षा लांब पिळाच्या दांड्याचा चमचा होता, स्प्रिंगवाली गाळणी होती आणि डमरूसारखं दोन तोंडांचं एक माप होतं. "बाबा, तुम्ही आता घरीच कॉकटेल करत जा," असं मुलीनं म्हटलं आणि वहिनींनी ते ऐकलं. पंचवीस वर्षं 'जरा बाहेर जाऊन येतो' या एका वाक्यावर चाललेला व्यवहार एका भेटवस्तूनं उघड्यावर आला. आता जे काय करायचं, ते निगडी प्राधिकरणातल्या त्याच्या स्वयंपाकघरात, ट्यूबलाइटखाली, वहिनींच्या देखत. मी दोन गल्ल्या पलीकडे राहतो, त्यामुळे पहिल्या बुधवारी चालतच गेलो.

टूलरूमवाला ते डमरू हातात धरून उभा होता. "याला जिगर म्हणतात. जिग केले, फिक्स्चर केली, जिगर पहिल्यांदा बघतोय." त्यानं मेडिकलमधून इंजेक्शनची नवी सिरिंज आणली होती. पाण्यानं मोजून बघितलं तेव्हा तीसची बाजू काठोकाठ भरल्यावर एकतीस भरली आणि आतल्या रेषेपर्यंत साडेअठ्ठावीस. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी सवयीनं विचारलं, "टॉलरन्स किती?" रेसिपीत टॉलरन्स नव्हता. शेवटी त्यानं त्याच्यावर कॅलिब्रेशनचं स्टिकर चिकटवलं, तारीख घातली, आणि पुढची तपासणी सहा महिन्यांनी असं लिहिलं. वहिनी कणीक मळत होत्या. त्या म्हणाल्या, "माझी आमटीची पळी पण घ्या तपासून."

ओल्ड फॅशन्डची रेसिपी वाचली आणि काम पुन्हा अडलं. साठ मिली व्हिस्की, साखर, जरासं पाणी आणि बिटर्स 'दोन डॅश'. "डॅश म्हणजे काय?" तो म्हणाला. "ड्रॉइंगवर डॅश असला तर माप द्यायचं राहून गेलंय असं आपण म्हणतो." खरं तर हे ड्रॉइंग बरंच जुनं आहे. १८०६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन नावाच्या गावात एका वाचकानं तिथल्या वर्तमानपत्राला विचारलं, की हे कॉकटेल म्हणजे काय प्रकरण आहे? संपादकानं उत्तर छापलं: दारू, साखर, पाणी आणि बिटर्स. दोनशे वर्षांत रिव्हिजन नाही असं ड्रॉइंग मी तरी दुसरं पाहिलेलं नाही. आमच्याकडे गाडीच्या बिजागरीचं ड्रॉइंग दिवाळीपर्यंत टिकत नाही.

त्यातलं बिटर्स म्हणजे कडू मुळ्या, साली आणि मसाले मद्यात मुरवून काढलेला अर्क. सगळ्यात गाजलेली बाटली अंगोस्तुराची. व्हेनेझुएलात सिमोन बोलिव्हारच्या सैन्याबरोबर असलेल्या योहान सीगर्ट या जर्मन डॉक्टरनं १८२४ साली ती पोटाच्या तक्रारींवर औषध म्हणून केली. तिचं लेबल बाटलीपेक्षा उंच असतं, गळ्याशी कागदाची कॉलर उभी राहते. बाटली आणि लेबल यांची मापं जुळली नाहीत आणि मग ते तसंच राहू दिलं, असं सांगतात. चुकलेला माल गिऱ्हाइकाची सही घेऊन एकदा खपवण्याला आमच्याकडे कन्सेशन म्हणतात. या लोकांनी शंभराहून जास्त वर्षं एका कन्सेशनवर काढली. क्वालिटीच्या माणसाला याहून मोठं दैवत नाही.

पण त्या बोटभर बाटलीची किंमत ऐकून परचेसवाल्यानं कपाळाला हात लावला. त्यानं आयुष्यभर जे केलं तेच केलं, म्हणजे लोकल सोर्स शोधला. वहिनींच्या कपाटात तापासाठी ठेवलेलं काडेचिराईत होतं. ते, दालचिनी, दोन लवंगा आणि नागपुरी संत्र्याची वाळवलेली साल असं सगळं व्हिस्कीत घालून बाटली दहा दिवस फडताळात ठेवली. उघडली तेव्हा वास उत्तम होता. चव घ्यायला मेंटेनन्सवाल्यानं थेंबाऐवजी चमचा घेतला. त्यानंतर तो जवळजवळ पाच मिनिटं काही बोलला नाही, आणि बोलला तेव्हा म्हणाला, "या वर्षी मला मलेरिया होत नाही."

दोन-दोन थेंब टाकल्यावर मात्र ते जमून गेलं. एक गंमत इथं लक्षात आली. आपल्याकडे पहिला घोट घ्यायच्या आधी जुनी माणसं बोट बुडवून दोन थेंब जमिनीवर शिंपडतात, पितरांसाठी म्हणा, भुईसाठी म्हणा. साहेब दोन थेंब पेल्यात टाकतो, आपण दोन थेंब पेल्यातून काढतो. टूलरूमवाल्यानं दोन्ही केलं. बिटर्स आत, व्हिस्की बाहेर, म्हणजे मटेरियल बॅलन्स शून्य. फरशी वहिनींनी लगेच पुसून घेतली.

साखरेचं सोपं झालं, कारण घरात काकवी होती. आणि इथं मला एक कौटुंबिक प्रसंग पाहायला मिळाला. आपली रोजची देशी व्हिस्की बहुतेक उसाच्या मळीपासून काढलेल्या स्पिरिटची असते. त्यात माल्टची थोडी भर घालतात. युरोपातले लोक तिला व्हिस्की म्हणायला तयार नाहीत, त्यांच्या नियमात व्हिस्की धान्याचीच. म्हणजे आपण जी पितो ती कागदपत्रं बदललेली रमच. आता मळी उसाची आणि काकवीही उसाचीच. फडातून निघून एक कारखान्यात गेली, एक गुऱ्हाळात, एक शहरात जाऊन इंग्रजी नाव लावून बसली आणि एक बरणीत पडून राहिली. निगडीच्या ओट्यावर इतक्या वर्षांनी दोघी भेटल्या आणि अशा मिसळून गेल्या की चमचा फिरवायचीही गरज पडली नाही.

आंबवण्याचं म्हणाल, तर या गावाला ते नवीन नाही. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, तिथं अजस्र टाक्यांत बुरशी वाढवून पेनिसिलीन काढत. माझे वडील तिथं फर्मेंटेशनला होते. जन्मभर आंबवण्याची पाळी केली आणि घरी ताकाच्या पुढे गेले नाहीत.

बर्फाची कथा जरा लांब आहे, पण ती सांगितलीच पाहिजे, कारण टूलरूमवाला त्यात खरा फुलला. पुस्तकात लिहिलं होतं, की बर्फ मोठा, चौकोनी आणि काचेसारखा स्वच्छ हवा. मोठा कशासाठी, याचा हिशेब त्यानं वर्तमानपत्राच्या कडेला मांडून दाखवला: पन्नास मिलीमीटरच्या एका ठोकळ्याचा पृष्ठभाग दीडशे चौरस सेंटीमीटर, त्याचेच पंचवीसचे आठ तुकडे केले तर तीनशे. पृष्ठभाग दुप्पट, म्हणजे वितळणंही भराभर, म्हणजे अर्ध्या तासात व्हिस्कीचं सरबत. आणि आपला ट्रेमधला बर्फ मधोमध पांढरा का असतो? कारण तो सगळ्या बाजूंनी आत गोठत येतो, आणि पाण्यातली हवा बिचारी मध्ये कोंडली जाते. तेव्हा पाणी थर्माकोलच्या उघड्या खोक्यात ठेवायचं. ते वरूनच गोठत खाली जातं, हवा तळाशी ढकलली जाते आणि वरचा थर निवळशंख निघतो.

खोकं फ्रीझरमध्ये बसवायला वहिनींनी डिसेंबरात सोलून ठेवलेले मटार आणि नारळाचा चव बाहेर काढावा लागला. त्या मटारांचं पुढे काय झालं हे मी लिहिणार नाही. आमच्या येण्याजाण्याचा प्रश्न आहे. दुसऱ्या दिवशी, म्हणजे बुधवारी, खोकं उलटं केलं आणि विटेएवढा बर्फ बाहेर आला. टूलरूमवाल्यानं हॅक्सॉला कोरं पातं चढवलं, सिंकमध्ये गोणपाट अंथरलं, आणि तळाचा पांढरा भाग कापून टाकला. मग पन्नासचे ठोकळे पाडले. प्रत्येकाला गुण्या लावला. व्हर्नियर लावला. पन्नास पॉइंट दोन. "फायलिंग करू का?" तो म्हणाला. मी म्हणालो, थांब, आपोआप साइझमध्ये येईल. तेवढ्यात तो एकोणपन्नास पॉइंट आठ झाला होता. छत्तीस वर्षांच्या नोकरीत हातात धरून बघत असताना मापाबाहेर जाणारा जॉब त्याला पहिल्यांदा मिळाला होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की रिटायरमेंटच्या समारंभातही नव्हतं.

ग्लासात तो ठोकळा टाकला आणि दिसेनासा झाला. परचेसवाला म्हणाला, "बर्फ घातलाच नाहीस?" इतका स्वच्छ होता.

मग व्हिस्की सावर करायला घेतली. व्हिस्की, लिंबाचा रस, साखरेचा पाक, शिवाय खरी मंडळी अंड्याचा पांढरा बलकही घालतात. पण गुरुवारच्या पूर्वसंध्येला त्या ओट्यावर अंडं फुटणं शक्यच नव्हतं, म्हणून ते वगळलं. उरलेलं शेकरमध्ये बर्फ घालून खळखळवायचं. हे काम परचेसवाल्यानं मागून घेतलं. आम्ही लिंबं पिळत होतो, आणि मागे त्यानं शेकरमध्ये सगळं ओतून, वर पाऊण बाटली सोडाही ओतून, झाकण घट्ट बसवून, दोन्ही हातांनी हलवायला सुरुवात केली.

आवाज बुचाचा झाला नाही, प्रेस मशीनचा झाला. झाकण छताला लागून फ्रिजवर पडलं. व्हिस्की सावर भिंतीवर, वहिनींच्या मसाल्याच्या डब्यावर आणि कालनिर्णयवर गेली. डाग पडला तो नेमका गुरुवारावर.

आमच्याकडे काही बिघडलं की जपान्यांनी शिकवलेलं व्हाय-व्हाय करतात: पाच वेळा 'का' विचारायचं, पाचव्याला मूळ सापडतं. वहिनी भिंत पुसून घेत असताना (आमच्याकडून) मी ते तिथंच केलं. झाकण का उडालं? आत दाब वाढला. दाब का वाढला? सोडा घालून हलवलं. सोडा का घातला? पंचवीस वर्षं व्हिस्कीत सोडाच घालतोय. कागदावरची कृती का वाचली नाही? चष्मा नव्हता. चष्मा का नव्हता? तो जरा थांबला, मग म्हणाला, "अरे, 'जरा बाहेर जाऊन येतो' म्हणून निघालेला माणूस वाचायचा चष्मा घेऊन निघतो का?"

रिपोर्टमध्ये मूळ कारण म्हणून मी रिवाजाप्रमाणे 'ऑपरेटरचं दुर्लक्ष' असं लिहिलं असतं. पण खरं मूळ त्यानंच सांगितलं होतं. वहिनींनी त्याच्या घरी फोन लावून सांगितलं, की तुमचे हे आमच्याकडे आहेत, जेवायला थांबतायत आणि पुढच्या बुधवारी येताना चष्मा द्या बरोबर. फोन ठेवला तेव्हा परचेसवाल्याचा चेहरा ऑडिटला सापडल्यासारखा झाला होता.

दुसरी खेप टूलरूमवाल्यानं स्वतः केली. वहिनी ओट्याला टेकून बघत होत्या. लिंबं पिळलेली, पाक केलेला, बर्फ घातलेला. "हे लिंबू सरबतच आहे की," त्या म्हणाल्या. त्यांनी चमच्याच्या टोकावर थेंब घेतला, तोंड वाकडं केलं आणि विचारलं, "मीठ नाही घातलं?" आम्ही कागद बघितला. कागदात मीठ नव्हतं. त्यांनी डब्यातून चिमूट घेतली, तिच्यातली निम्मी परत टाकली आणि उरलेली शेकरमध्ये सोडली. मी क्वालिटीचा माणूस आहे, सोयीचं सांगत नाही: कडवटपणा खाली बसला आणि लिंबू पुढे आलं. मोठमोठे बारवाले मिठाच्या पाण्याचे दोन थेंब टाकतात, हे मला नंतर कळलं. वहिनींना ते कैरीच्या पन्ह्यापासून माहीत होतं.

"भावजी, घ्या की अजून," असं म्हणून त्यांनी मला बशीत कांदाभजी दिली. कांदा चाकण बाजारातला. जिनच्या एका कॉकटेलात, गिब्सन त्याचं नाव, सजावटीला लोणच्यातला बारका कांदा घालतात असं मी सांगितलं. चाकणचा घातला तर जिनला जागा उरणार नाही, असं मेंटेनन्सवाल्याचं मत पडलं.

पावणेबारा झाले. चार माणसांच्या दोन-दोन पेल्यांसाठी ओट्यावर काय काय पडलं होतं, ते मी मोजलं: शेकरचे तीन भाग, डमरू, लांब चमचा, गाळणी, चहाची गाळणी (कारण पहिली गाळणी लिंबाच्या बिया सोडत होती), लिंबू पिळणी, विळी, दोन वाट्या, पाकाचं पातेलं, हॅक्सॉ आणि आठ ग्लास. परमिट रूममध्ये क्वार्टरला माणशी एक ग्लास लागायचा आणि फरसाणाखालचा कागद. आणि प्राधिकरणात पाणी दिवसाआड. वहिनी दारात उभ्या राहून म्हणाल्या, "उद्या पाणी नाही. गुरुवार आहे. पूजेच्या आधी ओटा लख्ख पाहिजे." आणि झोपायला गेल्या.

पंचवीस वर्षांत मला त्याच्या घरातली चहाची गाळणी कुठं अडकवलेली असते ते माहीत नव्हतं. त्यालाही नव्हतं, आम्ही दोघांनी मिळून तो खिळा शोधला. परचेसवाला घासत होता, मेंटेनन्सवाला विसळत होता, मी पुसत होतो आणि टूलरूमवाला जागा लावत होता. लाइन चांगली चालली होती. डमरू शेवटी आलं. त्यानं ते फडक्यानं कोरडं केलं, स्टिकर ओलं झालं नाही ना हे बघितलं, आणि पेटीत ठेवलं.

घड्याळात बाराला दोन मिनिटं कमी होती. संध्याकाळी सातपासून आम्ही एकदाही खाली टेकलो नव्हतो. माझ्या पोटऱ्या भरून आल्या होत्या. टूलरूमवाल्यानं कमरेवर हात ठेवून पाठ मागे वाकवली आणि हळू आवाजात, वहिनी उठू नयेत म्हणून, विचारलं,

"बसायचं का जरा?"

आम्ही चौघं डायनिंग टेबलाच्या खुर्च्या ओढून बसलो. टेबलावर पाण्याचा तांब्या होता.